वही रद्दीत घालू नका

माझ्या भाचीने तिच्या महाविद्यालयात गेल्या वर्षीची एक फाईल मागितली. तिच्याच विभागातल्या एका सीनियर मुलीच्या इंटर्नशिपची ती फाईल होती. उत्तर आलं, "तपासणी समिती येऊन गेली, कपाटं मोकळी केली, सगळं रद्दीत दिलं."

एका मुलीचं १२० तासांचं काम किलोच्या भावाने गेलं. मला राग आला, आणि आठवडा झाला तरी तो उतरलेला नाही. म्हणून आजचं सदर त्या फाईलवर आहे.

भाची पर्यावरणशास्त्रात एम. एस्सी. करते, पहिल्या वर्षाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्या राज्यात पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षाला 'ऑन जॉब ट्रेनिंग' आलं आहे. मुलं त्याला ओजेटी म्हणतात. चार क्रेडिट, एका क्रेडिटला ३० तास. वर्गातल्या बहुतेकांनी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा आणि सल्लागार कंपन्या गाठल्या. हिने महाराष्ट्र निसर्ग उद्यान निवडलं. रोज चार तास, आठवड्याचे सहा दिवस, पाच आठवडे. मेच्या मध्याला सुरू, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पूर्ण. डोंबिवलीहून लोकलने शीव, तिथून पायी.

माझ्या भावोजींनी तिला विचारलं, "बागेत जाऊन काय शिकणार?" प्रश्न चुकीचा नव्हता. घरोघरी हाच विचारला जातो. तिने उत्तर दिलं नाही. मला म्हणाली, "मावशी, तू एकदा ये. मग बाबांना तूच सांग."

मी गेले.

जागा आधी सांगते, कारण ती माहीत नसेल तर पुढचं कळणार नाही. धारावीला खेटून, मिठी नदीच्या काठाला हे सुमारे ३७ एकरांचं रान आहे. नदीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती दिसतात. १९७७च्या सुमारापर्यंत इथे मुंबईचा कचरा पडत होता. तो थांबला, मग त्यावर माती आली, रोपं आली, ती जगवणारे हात आले. २२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनी, उद्यानाचं फाटक लोकांसाठी उघडलं. कचऱ्याच्या ढिगाचं रान व्हायला दीड दशकाहून जास्त काळ लागला. आज तिथे आत शिरलं की रस्त्यावरचे हॉर्न हळूहळू मागे पडतात आणि पायाखाली पालापाचोळा वाजायला लागतो.

म्हणजे हे उद्यानच मुळात एक प्रयोग आहे. माणसाने नासवलेली जमीन माणसाने परत उभी केली तर तिथे काय काय येतं, किती टिकतं, कोण कोणाला हटवतं, हे बघायला यापेक्षा चांगली जागा मुंबईत मला माहीत नाही. आणि प्रयोग म्हटला की नोंद आली. नोंद ठेवली नाही, तर उरते ती फक्त बाग.

भाचीने मला पहिल्यांदा थांबवलं ते रुईच्या झुडपापाशी. "वाक," म्हणाली. तिने एक पान हलक्या हाताने उलटं केलं. पानाच्या पाठीवर खसखशीच्या दाण्याएवढं पांढुरकं अंडं होतं. शेजारच्या पानावर अळी होती. काळे, पांढरे, पिवळे पट्टे, अंगावर शिंगांसारख्या काळ्या तंतूंच्या तीन जोड्या. अळी लगेच खायला लागली नाही. आधी तिने पानाची शीर कुरतडली. त्या जागी चिकाचा थेंब आला. ती थांबली. चीक निथळू दिला, आणि मग शिरेच्या पुढचा पानाचा भाग खायला घेतला.

रुईचा चीक विषारी, हे आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं. डोळ्यात जाऊ देऊ नको, हे प्रत्येक आजीने सांगितलेलं आहे. ती अळी चिकाचा लोंढा आधी तोडते आणि पान पचवते. पानातलं थोडं विष अंगात साठवते, आणि तेच विष पुढे केशरी फुलपाखराच्या पंखांसोबत उडतं. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला सहसा जात नाही. मी वयाची पन्नास वर्षं रुई बघत आले. पान उलटं करून कधी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात तिथे काम करणारे माळीमामा आले. म्हणाले, "ताई, शनिवारी लोक मारुतीसाठी पानं मागायला येतात. मी सांगतो, तोडायच्या आधी उलटं करून बघा, खाली कोणी राहतंय का."

भाचीने ते वाक्य वहीत तारखेसकट लिहून घेतलं. मला ते फार आवडलं. वर्गात वनस्पतीचं लॅटिन नाव मिळतं. ती वनस्पती कोणाकोणाची आहे, हे मामांकडून मिळतं. तिच्या वहीत दोन रकाने होते. एकात शास्त्रीय नाव, दुसऱ्यात मामांनी सांगितलेलं नाव आणि उपयोग. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून रानात काढलेल्या वर्षांत हेच केलं. जंगलात राहणाऱ्या माणसांच्या तोंडचे शब्द टिपून ठेवले. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला सारंगागार, कावळ्यांच्या वसाहतीला काकागार असे शब्द त्यांच्यामुळे मराठी वाचकाच्या ओळखीचे झाले. शब्द असला की गोष्ट दिसते, आणि दिसली की राखावीशी वाटते. पर्यावरणाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत तो दुसरा रकाना हवाच.

दुसरं जे बघितलं, ते दिसायला अगदी साधं होतं. चार खुंट्या आणि सुतळी. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी चौकट. उद्यानात तिने अशा पाच चौकटी आखल्या होत्या. तीन दाट सावलीत, एक वाटेच्या कडेला, एक उघड्यावर. दर सोमवारी प्रत्येक चौकटीत वाकून उगवलेली रोपं मोजायची. कुठल्या झाडाचं रोप, किती बोटं उंच, पानं किती, कोणी खाल्लंय का.

मेमध्ये चौकटी जवळजवळ रिकाम्या होत्या. जूनमध्ये पाऊस पडला आणि पुढच्या सोमवारी एका चौकटीला वहीची दोन पानं लागली. करंज होता, भेंड होती, कडुनिंब होता. सगळ्यांत जास्त होतं सुबाभूळ.

सुबाभूळ म्हणजे बाहेरून आलेलं झाड. मूळ मध्य अमेरिकेकडचं. चारा मिळेल, सरपण मिळेल, म्हणून एकेकाळी आपणच ते हौसेने गावोगाव लावलं. झाडभर शेंगा लागतात, वाळून तडकतात, बी खाली पडतं, मातीत वर्षानुवर्षं दम धरून राहतं आणि संधी मिळाली की उगवतं. लावलेली झाडं म्हातारी होतील तेव्हा त्यांच्या जागी कोण उभं राहणार, हा कुठल्याही लावलेल्या रानाचा जीवनमरणाचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर उंच झाडांकडे बघून मिळत नाही. ते जमिनीवर, बोटभर उंचीच्या रोपांत असतं. ते वाचायला गुडघे टेकावे लागतात.

पण एका उन्हाळ्याच्या मोजणीने ते वाचता येत नाही. डॉक्टरने एकदाच ताप बघितला तर ताप चढतोय की उतरतोय हे कळत नाही. दुसऱ्यांदा बघावा लागतो, तिसऱ्यांदा बघावा लागतो, आणि प्रत्येक वेळचा आकडा लिहून ठेवावा लागतो. सुबाभूळ वाढतंय की मागे हटतंय, करंजाची रोपं पावसाळा संपेपर्यंत जगतात की आधीच सुकतात, हे पुढच्या दहा मोजण्या सांगतील. दहा मोजण्या म्हणजे दहा वर्षांचे दहा विद्यार्थी.

म्हणून तिने ती फाईल मागितली होती. सीनियर मुलीनेही याच उद्यानात रोपं मोजली होती, हे विभागात सगळ्यांना आठवत होतं. कुठे मोजली, किती मोजली, कुठली होती, हे कोणालाच आठवत नव्हतं. त्या मुलीला फोन केला. ती बिचारी हळहळली. तिची कच्ची वही घर बदलताना गेली होती. तिनेही विश्वासाने हाच विचार केला होता की फाईल महाविद्यालयात आहे, म्हणजे सुरक्षित आहे.

मी त्या महाविद्यालयाचं नाव घेत नाही. हा दोष एका इमारतीत राहत नाही, तो आपल्या सगळ्यांच्या सवयीत आहे. पर्यावरण म्हटलं की आपल्याला फाईल आठवते. चकचकीत आवरण, कापून चिकटवलेली चित्रं, प्रदूषणाचे प्रकार, शेवटी आभार. ताईने केलेली फाईल दोन वर्षांनी धाकटा भाऊ नाव बदलून देतो आणि त्याला तेवढेच गुण मिळतात. कारण ती फाईल वाचण्यासाठी लिहिलेलीच नसते.

सुरुवात अशी नव्हती. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सांगितलं की पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवला पाहिजे. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्यात प्रत्यक्ष पाहणीचा भाग आवर्जून घातला. जवळची नदी, टेकडी, रान, गवताळ जमीन बघायची, प्रदूषित जागा बघायची, नेहमीची झाडं, किडे, पक्षी ओळखायचे आणि लिहायचं. कागदावर हे उत्तम होतं. पण पाहणीला लागतो वेळ, आणि पाहणी वाचायला लागतो शिक्षक. आपण दोन्ही दिलं नाही आणि मुलांकडून फाईल घेतली.

आता ओजेटी आलं आहे. चांगलं आहे, मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. पण त्याचीही फाईल व्हायला लागली आहे. भाचीला महाविद्यालयाकडून काय मागितलं गेलं, ते मी स्वतः बघितलं. रोजची हजेरी. रोजचा जिओटॅग फोटो, म्हणजे कुठे आणि किती वाजता काढला ते ज्यावर छापून येतं तो. शेवटी उद्यानाचं प्रमाणपत्र आणि ठरलेल्या नमुन्यातला अहवाल. पाच आठवड्यांत तिने काय बघितलं, हे कोणी विचारलं नाही. तोंडी परीक्षेत तिला पहिला प्रश्न आला, "फोटो सगळे जोडलेत ना?"

मुलगी तिथे होती, हे सिद्ध करण्यासाठी एवढी यंत्रणा. तिला तिथे काय दिसलं, हे जपून ठेवण्यासाठी काहीही नाही. हे उलटं आहे, आणि ते सुलटं करायला पैसाही लागत नाही.

आता पैशाचंही बोलते, कारण ते कोणी बोलत नाही. पाच आठवडे रोज लोकलचं भाडं तिने भरलं, पाण्याची बाटली, डबा, वही, सुतळी, हातात धरायचं भिंग, सगळं तिच्या खर्चाने. तिच्या घरी ते जमतं. तिच्याच वर्गातल्या एका मुलीला जमलं नाही. तिला अशाच एका उद्यानात जायचं होतं, पण सुट्टीत ती शिकवण्या घेते आणि त्यावर तिची फी निघते. ती घराजवळच्या एका कार्यालयात तास भरून आली. तिचा कल पक्ष्यांकडे होता. राज्य सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, त्यात पदवीधराला महिना १० हजार रुपये विद्यावेतन ठरवलं. शिक्षण चालू असलेल्याला ते मिळत नाही. पदवीधर होऊन पदव्युत्तरला बसलेली मुलगी १२० तास राबते तेव्हा तिच्या वाट्याला भाडंसुद्धा येत नाही. मोठं विद्यावेतन नको, निदान येण्याजाण्याचा खर्च आणि दुपारचं जेवण द्या. नाहीतर निसर्गाचा अभ्यास ही ज्याच्या घरी चालतं त्याचीच गोष्ट होऊन बसेल. ज्या मुलांनी गावात रान जवळून बघितलंय, तीच मुलं या कामातून बाहेर राहतील.

कोणी म्हणेल, एका विद्यार्थिनीच्या वहीला एवढं महत्त्व कशाला? सांगते.

२०२३ साली देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा मोठा अहवाल आला, 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'. ९४२ जातींचा आढावा त्यात आहे. तो उभा आहे ३ कोटींहून अधिक नोंदींवर, आणि त्या नोंदी केल्या सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांनी. त्यांत शिक्षक आहेत, बँकेतले लोक आहेत, गृहिणी आहेत, विद्यार्थी आहेत. आपापल्या गावात, बागेत, तळ्याकाठी उभं राहून त्यांनी दिसलेला पक्षी आणि संख्या लिहिली आणि ती यादी ई-बर्ड या संकेतस्थळावर चढवली. त्या नोंदींतून ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला. त्यातल्या २०४ जाती घटल्या आहेत. देशातला पक्षी कमी होतोय, हे आपण आज आकड्यानिशी सांगू शकतो ते या वह्यांमुळे. त्या ३० हजार जणांनी आपल्या याद्या रद्दीत दिल्या असत्या, तर आपल्या हाताशी फक्त हळहळ उरली असती.

आणि मागे जायचं तर १९३० सालात जा. पक्षीशास्त्रज्ञ सलीम अली जर्मनीतून शिकून परत आले तेव्हा संग्रहालयातली त्यांची नोकरी गेली होती. ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. त्यांनी ती रोज बघितली आणि रोज लिहिली. नर घरटं अर्धं विणतो. मादी येऊन पारखते. पसंत पडलं तर ती तिथे नांदते आणि घरटं पुरं होतं. ती अंड्यांवर बसली की नर दुसरं घरटं विणायला घेतो. हे त्यांनी मांडलं आणि पुढच्या वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ते छापून आलं. मोठी प्रयोगशाळा नव्हती, पगार नव्हता. जागा एक, डोळे दोन आणि वही. पण ती वही छापली गेली, म्हणून आज पंचाण्णव वर्षांनी मी ती गोष्ट तुम्हाला सांगू शकते.

तिसरं कारण जमिनीचं आहे. मुंबईत ३७ एकर मोकळी जागा दिसली की तिच्यावर कोणाचा ना कोणाचा डोळा पडतो. धारावी पुनर्विकासाच्या चर्चेत या उद्यानाचं नाव आलं, तेव्हा लोक न्यायालयापर्यंत गेले आणि उद्यान प्रकल्पाबाहेर असल्याचं सरकारी बाजूला सांगावं लागलं. चांगलं झालं. पण असा प्रश्न कुठल्याही शहरातल्या कुठल्याही रानाबाबत उद्या पुन्हा उठू शकतो. तेव्हा "इथे खूप झाडं आहेत" एवढं म्हणून भागत नाही. अमक्या चौकटीत अमक्या वर्षी एवढी देशी रोपं उगवली, एवढी जगली, या झुडपावर हे फुलपाखरू सलग दहा वर्षं अंडी घालतंय, असं तारीखवार मांडावं लागतं. ते मांडायला नोंद लागते. ती नोंद आपण आपल्या हाताने किलोवर विकतो आहोत.

तेव्हा माझ्या चार मागण्या आहेत. चारही छोट्या आहेत.

पहिली महाविद्यालयांना. ओजेटीचा अहवाल घेताना कच्ची वही जोडून घ्या आणि तिचं प्रत्येक पान स्कॅन करा. मोबाईलवर अर्ध्या तासाचं काम आहे. ते विभागाच्या संगणकावर वर्षवार ठेवा. पुढच्या वर्षी त्याच जागी जाणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी ते द्या. कपाट मोकळं करायचं असेल, तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी ज्या उद्यानात ते काम झालं तिथे एक फोन करा.

दुसरी शिक्षकांना. हजेरी बघा, जरूर बघा. पण तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न हा विचारा, "तुला तिथे असं काय दिसलं, जे पुस्तकात नव्हतं?" ज्याला उत्तर देता येईल, त्याचे तास भरलेत. ज्याला येणार नाही, त्याचे १२० फोटो असले तरी भरलेले नाहीत.

तिसरी नगरपालिका आणि महानगरपालिकांना. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आहे आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची आहे. माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं आग्रह धरला तो याचसाठी, की जागेचं ज्ञान त्या जागेच्या माणसांनी लिहावं. ही नोंदवही एकदा करून कपाटात ठेवायची वस्तू नव्हे. ती दरवर्षी वाढली पाहिजे. तिच्यात भर घालायला माणसं कुठून आणायची, हा प्रश्न असेल तर उत्तर समोर आहे. दरवर्षी शेकडो विद्यार्थी १२० तास घेऊन दारात उभे आहेत. त्यांना बोलवा, काम द्या, भाडं द्या, आणि त्यांचं नाव नोंदीखाली लिहा.

चौथी पालकांना. मुलगी बागेत जाते म्हणाली की हसू नका. माझ्या भावोजींना मी सांगितलं ते तुम्हालाही सांगते. ती तिथे पाच आठवडे उन्हात गुडघ्यावर बसली. तिला डासांनी फोडलं. तरी एकही सोमवार चुकला नाही. तिला एका अळीची अक्कल कळली आणि एका झाडाचा हावरेपणा कळला. एका रानाचं पुढे काय होईल, हे कोणालाच ठाऊक नसतं, ते मोजत राहावं लागतं, हेही तिला कळलं. याला शिक्षण म्हणतात. नोकरी लागेल की नाही, हे आज तिला कोणी सांगू शकत नाही. पण नदीचं, खाडीचं, कचऱ्याचं, हवेचं जे काही उद्या या शहराला करावं लागणार आहे, ते अशा डोळ्यांवाचून होणार नाही.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हालाही एक सांगायचं आहे. कोणी मागत नाही म्हणून वही नीट ठेवली नाही, असं करू नका. जागेची खूण अशी लिहा की अनोळखी माणूस तिथे जाऊन उभा राहू शकेल. तारीख लिहा, वेळ लिहा, पाऊस होता की ऊन ते लिहा. जे दिसलं नाही, तेही लिहा. "आज अळी दिसली नाही" हीसुद्धा नोंद आहे. जिथे ओळखता आलं नाही तिथे अंदाजाने नाव टाकू नका, चित्र काढा. पक्षी दिसले तर यादी ई-बर्डवर चढवा. तिथे ती रद्दीत जात नाही. आणि ज्या माळीमामांनी, ज्या मावशींनी तुम्हाला झाड ओळखायला शिकवलं, त्यांनी काय सांगितलं ते त्यांच्या शब्दांत लिहा.

भाचीने वहीच्या दोन प्रती केल्या. एक अहवालासोबत महाविद्यालयात दिली. दुसरी शेवटच्या दिवशी उद्यानाच्या कार्यालयात दिली आणि त्यांनी ती ठेवून घेतली. तिच्या पहिल्या पानावर पाचही चौकटींचे नकाशे आहेत. कुठल्या झाडापासून, कुठल्या दिशेला, किती पावलं. खुंट्या तिने तशाच ठोकून ठेवल्या आहेत. त्याखाली तिने लिहिलंय, "पुढच्या वर्षी येणाऱ्यासाठी. मी सोमवारी मोजत होते. तूही सोमवारी मोज."